साडेबाराचा सुरुंग

मी एक जुना भूकंपलेखक आहे. आयुष्यभर एकच ओळ लिहीत आलो, तीही गोल गोल फिरत. आणि ज्या दिवसासाठी मला घडवलं होतं, नेमक्या त्याच दिवशी माझं लिहायचं राहून गेलं. मित्रांनो, ही गोष्ट सांगताना आजही माझी सुई थरथरते. पण कचेरीच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, काचेच्या पेटीत बसून मला दुसरं काम तरी काय आहे?

मला एका घड्याळजीने घडवलं. घड्याळं करून कंटाळला होता बिचारा. त्याने एका लोखंडी दांडीला जड वजन अडकवलं, वजनाला लांब हात जोडला आणि हाताच्या टोकाला केसासारखी बारीक सुई बसवली. सुईसमोर एक गोल रूळ, पंधरा मिनिटांत एक फेरी घेणारा आणि दर फेरीला जरासा बाजूला सरकणारा, म्हणजे ओळीखाली ओळ बसते. रुळावर गुळगुळीत कागद. कागदाला रोज दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी द्यायची, म्हणजे सुई जिथून जाईल तिथली काजळी खरवडून पांढरी रेघ उमटते. झालं. एवढंच माझं शरीर.

आणि गंमत ऐका. जमीन हलते तेव्हा मी हलतो असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. माझं वजन इतकं जड आणि इतकं आळशी, की जमीन हलली तरी ते आपलं जागच्या जागी लोंबकळत राहतं. रूळ हलतो, कागद हलतो, खोली हलते. ढिम्म राहतं ते फक्त माझं वजन. म्हणून तर रेघ वाकडी होते. आळसाचा असा उपयोग जगात दुसऱ्या कुणी केला नसेल.

भुशाच्या पेटीतून मला या गावी आणलं आणि कचेरीच्या तळघरात बसवलं. खाली खडक लागेपर्यंत खणून एक दगडी खांब रचला होता, त्यावर मी. खांब आणि फरशी यांच्यात फट ठेवली होती, म्हणजे माणसांची पावलं माझ्यापर्यंत पोचू नयेत. तरी पोचायचीच. कारकुनाची घसटती चाल, साहेबांचे बूट, आणि बाईंची पावलं. त्या शेवटची पायरी नेहमी उडी मारून उतरायच्या, पन्नाशीला आल्या तरी.

बाई म्हणजे माझ्या निरीक्षक. सकाळी आठला यायच्या, कालचा कागद उतरवायच्या, लाखेच्या पाण्यात बुडवून काजळी पक्की करायच्या आणि नवा कागद चढवायच्या. हाताची दहाही बोटं कायम काळी. "लग्नात मेंदीऐवजी हेच लावलं असतं तरी चाललं असतं," म्हणायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी मोठा भाऊ होता, भावजय होती, आणि तळघरात मी होतो.

माझे कौतुकाचे दिवसही होते, बरं का. शाळेच्या मुली रांगेने बघायला यायच्या. बाई त्यांना भिंतीला खेटून ओळीत उभं करायच्या आणि पहिलीला हलकेच ढकलायच्या. धक्का एकीकडून दुसरीकडे जात जात शेवटची धपकन कोपऱ्यात जायची.

"ही पहिली लाट," बाई सांगायच्या. "खडक एकमेकांना असेच ढकलतात. ही फार जलद धावते. आता ही चादर धरा दोघीजणी. झटका. बघा, चादर वरखाली होतेय आणि लाट पुढे जातेय. ही दुसरी लाट. उशिरा येते, पण पाडापाडी जास्त तीच करते."

"म्हणजे आमच्या आजीसारखी," एकजण म्हणाली होती. "आधी काठीचा आवाज येतो, मग आजी येते, मग मार."

बाई हसून हसून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अगदी बरोबर. आणि काठीचा आवाज आणि मार यांच्यात जितका वेळ, तितकी आजी लांब. इथे एका सेकंदाला धर साधारण आठ किलोमीटर."

एवढं सोपं आहे ते. आणि मुळात जमीन हलते का, तर आपल्या पायाखालचे खडकांचे प्रचंड तुकडे एकमेकांना रेटत असतात, तुमची नखं वाढतात तितक्या धिम्या गतीने. कडेला ते अडकून बसतात. वर्षानुवर्षं वाकतात, ताण साठवतात, आणि एक दिवस सुटतात. वाकवलेली फूटपट्टी सुटली की हाताला कशी झिणझिणी येते? तसंच. मग मोठा धक्का बसला की आजूबाजूचे खडकही आपापली जागा करून घेतात, त्यामुळे मागून छोटे धक्के येत राहतात. कधी छोटा आधी येतो आणि मोठा मागून. पण पहिला आला तेव्हा तो छोटा आहे की एकुलता एक, हे कुणाला सांगता येत नाही. मला नाही, बाईंना नाही. तारीखवार सांगणारा भेटला तर त्याला खुशाल घरी पाठवा.

आता खाणीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडलं.

गावापासून आठ किलोमीटरवर दगडाची खाण होती. रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला तिथे सुरुंग उडायचा. ते काम बाईंचा भाऊच करायचा, ज्याला बाई दादा म्हणायच्या. बार उडाला की गावात भांडी वाजायची, खिडक्या किणकिणायच्या. गाव इतकं सरावलं होतं, की साडेबारा वाजले की बायका बोलता बोलता फळीवरच्या बरणीला हात लावायच्या, आणि बार झाला की हात काढून तेच वाक्य पुढे चालू करायच्या.

माझ्या कागदावरही रोज त्या वेळी एक फराटा उठायचा. खाण जवळ, म्हणून दोन लाटांमध्ये जेमतेम एका सेकंदाची फट. कागदावर एक मिलिमीटर. तो फराटा भूकंप समजून कुणी नोंदवू नये, म्हणून बाई त्याच्या शेजारी केसातल्या पिनेने काजळीवर कोरायच्या, 'खाण'. सुरुवातीला फराटा उठल्यावर कोरायच्या. पण चालत्या रुळाजवळ पीन नेली की हात लागून रेघ बिघडायची. मग त्यांनी सोय केली. साडेबाराची ओळ कुठे येणार हे ठाऊकच असायचं. म्हणून सकाळी नवा कागद चढवतानाच त्या जागेवर शब्द कोरून ठेवायचा. आठ वाजताच लिहून मोकळं व्हायचं, की साडेबाराला जे होईल ते खाण.

अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षं ते बरोबरच निघालं. मित्रांनो, हेच तर वाईट झालं.

त्या दिवशी बारा तेहतीसला फराटा उठला. माझी सुई आधी बारीक थरथरली. मी वाट बघितली. एक सेकंद. दोन. तीन. मग सुई दचकून बाजूला गेली.

मी हबकलो. तीन? खाण काय चालत लांब गेली? मी लिहिलं, जसंच्या तसं लिहिलं. पण मला फक्त लिहिता येतं, ओरडता येत नाही. आणि माझ्या रेघेशेजारी सकाळपासून शब्द तयार होता.

थोड्या वेळाने बाई चहाचा कप घेऊन खाली आल्या. शेवटच्या पायरीवरून उडी. कागदाकडे बघितलं, फराटा बघितला, शब्द बघितला. "आज जोरात उडवला दादाने," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि वर गेल्या. मला वाटलं, माझा हात तुटून पडला तर बरं, निदान त्या वाकून तरी बघतील.

सव्वा वाजता दादा आला. दोघं रोज तळघराच्या पायऱ्यांवर बसून डबा खायची, तिथे गार असायचं म्हणून.

"काय गं," तो डब्याचं झाकण काढता काढता म्हणाला, "तुझी वहिनी मला खोटारडा म्हणते."

"चुकीचं काय म्हणते?"

"ऐक तरी. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला शिवणखान्यात गेलो. तर म्हणते, तुमच्या आजच्या बाराने जिन्याच्या भिंतीचा तडा केवढा रुंदावला, आता कंगवा उभा जातो त्यात. म्हटलं, अगं, आज बार नाहीच. भोकं पाडायच्या यंत्राचा पट्टा सकाळीच तुटला. तर म्हणते, थापा मारू नका, माझी कात्री टेबलावरून पडली."

बाईंचा घास हातातच राहिला. "दादा, चेष्टा करू नकोस."

"तूही तेच! सुरुंगाची दारू कुलुपात आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. ही बघ."

"कागदावर आहे की, खाण म्हणून."

"ते कागदावर कुणी लिहिलं?"

बाई ताडकन उठल्या. डबा पायरीवरून घरंगळत खाली आला, त्याचीही मी नोंद केली. त्या भिंग घेऊन माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या कागदावर आदळत होता. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग भिंग दादाच्या हातात दिलं. "तू मोज. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

"तीन," दादा म्हणाला. "म्हणजे किती लांब?"

"चोवीस-पंचवीस किलोमीटर. दादा, हा भूकंप आहे. बेचाळीस मिनिटं झाली. मी चहा पीत याच्याकडे बघून गेले रे!"

"मग आता काय, मोठा येणार?"

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. पण भिंत फाटलीय हे तर माहीत आहे ना? आणि तिथे शिवणखान्यात चाळीस बायका आहेत. चल!"

कारकुनाला मुख्य कचेरीला फोन लावायला सांगत बाई पायऱ्या चढून गेल्या. स्कूटरची धडधड मला ऐकू आली आणि लांब गेली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते सगळं मला नंतर कळलं, वहिनींच्याच तोंडून.

शिवणखाना दुसऱ्या मजल्यावर. एकच जिना, तोच तो तडा गेलेल्या भिंतीचा. तिथे चाळीस शिलाई यंत्रं आणि सगळ्यांवर देखरेख करायला काजेमास्तर. तरुणपणी शर्टाच्या बटणांची काजं करायचे म्हणून हे नाव. तीन वाजता माल न्यायला गाडी येणार होती, त्यामुळे मास्तरांना क्षणाची उसंत नव्हती. दादा खाली अंगणात स्कूटरपाशी थांबला आणि बाईंनी मास्तरांना दारातच गाठलं.

"मास्तर, सगळ्यांना खाली न्या. दुपारचा धक्का खाणीचा नव्हता, भूकंप होता."

"अहो, मग तो होऊन गेला ना?"

"पुन्हा येऊ शकतो."

"येऊ शकतो की येणार?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. आजही मला वाटतं, बोलल्या असत्या तर? पण त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. तडा मात्र दिसतोय."

"तडा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे," मास्तर म्हणाले. "खाणीचा हादरा आम्हाला रोजचाच. गाडी भरली की चारला सोडतो सगळ्यांना, हवं तर लवकर सोडतो. आता मध्ये येऊ नका, ताई, पाया पडतो."

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. एखादीचं पोर आजारी पडलं तर स्वतः तिच्या यंत्रावर बसून तिचं काम उरकणारा माणूस. त्याला फक्त तीन वाजताची गाडी दिसत होती.

बाई वाद घालत होत्या, मास्तर हात जोडत होते, आणि वहिनी आपल्या यंत्रावरून हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या पाठीमागे कापडाच्या ताग्यांआड विजेची पेटी होती. त्या शिवणखान्यात एक जुना रिवाज होता. वीज गेली की यंत्रं बंद, उकाडा असह्य, म्हणून सगळ्याजणी खाली अंगणात जाऊन चहा प्यायच्या आणि वीज आली की वर यायच्या. त्याला मास्तरांचीही ना नसायची. वहिनी उठल्या, ताग्यांआड गेल्या आणि त्यांनी खटका खाली ओढला.

चाळीस यंत्रं एकदम गप्प झाली.

"गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं, आणि खुर्च्या सरकल्या. "जा, जा," मास्तर वैतागून म्हणाले, "चहा घेऊन या. तोवर मी फ्यूज बघतो."

बायका हसत, बडबडत जिना उतरल्या. तड्याच्या बाजूने उतरताना एकीने त्यात कंगवा घालून दाखवलासुद्धा. बाई सगळ्यांना भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध ढकलत होत्या. एकोणचाळीस मोजल्या, चाळिसाव्या वहिनी. वर फक्त मास्तर.

"मास्तर!" वहिनींनी खालून हाक मारली. "लाईट गेली नाही, मी घालवली! खाली या आधी!"

मास्तरांनी खिडकीतून डोकं काढलं. "तू? तू घालवलीस? थांब, आता खाली येऊन तुझ्याकडे बघतोच!"

आणि ते जिन्याकडे वळले.

एक अठ्ठावन्न. माझी सुई थरथरली. पण ही थरथर वेगळीच होती, दगडाच्या पोटातून आलेली. एक सेकंद. मी लिहीत होतो. दोन. इतकी सुंदर, इतकी बारीक रेघ मी कधी काढली नव्हती. तीन.

मग माझं ते जड, ढिम्म, आळशी वजन कडेच्या अडसरावर असं आदळलं, की हात वाकला, सुई कागदावरून उडाली, रूळ दात्यांतून निसटून फरशीवर पडला. छताची माती माझ्यावर कोसळत होती, आणि मी काहीही लिहीत नव्हतो. दुसऱ्या लाटेची एक रेघही माझ्याकडे नाही. बाकीच्यांचा कोरा कागद पांढरा असतो. माझा कोरा कागद काळा असतो. त्या क्षणानंतर माझा कागद काळाच आहे.

अंगणातल्या बायका एकमेकींना धरून खाली बसल्या. वहिनींच्या पायावर कौल पडलं. बाकी कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. जिना मात्र वरपासून खालपर्यंत खाली आला, आणि मास्तर जिन्यावर होते.

मला दुरुस्तीसाठी वर आणलं आणि कचेरीसमोर ताडपत्रीखाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आकाश बघितलं. एवढं मोठं काहीतरी वर आहे आणि ते अजिबात हलत नाही, याचाच मला धक्का बसला. जमीन मात्र अधूनमधून हलत होती, आणि प्रत्येक वेळी कचेरीसमोर मुक्कामाला आलेली सगळी माणसं एकदम बोलायची थांबायची.

चौथ्या दिवशी वहिनी लंगडत आल्या. दादा सोबत होता. बाई ताडपत्रीखाली स्टुलावर बसल्या होत्या.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "मला तो कागद बघायचाय."

बाईंनी तो घाईगर्दीत लाखेत बुडवला होता, पण काजळी अजून हाताला लागत होती. त्यांनी तो मांडीवर पसरला.

"यात पहिला कुठला?"

बाईंनी दाखवला.

"आणि दुसरा?"

कागदावर ओळी एकीखाली एक दाटीने बसतात. पहिल्या फराट्यापासून दुसरा सहा ओळी खाली. वहिनींनी दोन्हींच्या मध्ये आपलं बोट आडवं ठेवलं. बोटाने सगळी जागा भरून गेली.

"बास? एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. "आणि यातलं वरचं अर्धं मी वाया घालवलं, वहिनी. सकाळी आठलाच लिहून बसले होते ना मी."

वहिनींनी बोट काढलं नाही. "खालच्या अर्ध्यात आम्ही चाळीसजणी उतरलो," त्या म्हणाल्या. "वरच्या अर्ध्यात एक माणूस सहज उतरला असता."

दादा म्हणाला, "असं नको बोलू गं तिला."

"तिला नाही बोलत. मला बोलतेय. रागावायला का होईना, ते खाली येत होते. मी जरा आधी हाक मारली असती, तर शिव्या देत अंगणात आले असते." त्यांनी डोळे पुसले, आणि काजळी गालभर पसरली. कुणी हसलं नाही. "मी त्यांच्या घरी चाललेय. लाईट कुणी घालवली, हे त्यांच्या बायकोला माझ्या तोंडून कळायला हवं."

बाई उठल्या. कागदाची गुंडाळी केली. "थांब. मीही येते. मी सकाळीच काय लिहून ठेवलं होतं, ते मलाही दाखवायला हवं."

दादाने स्कूटरची किल्ली काढली. दोघींनी मान हलवली आणि चालत निघाल्या, एक लंगडत, एक सावकाश.

मित्रांनो, जमीन हलू लागली तर पळू नका, जिन्यावर तर मुळीच नको. भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हलणं थांबलं की बाहेर या, आणि तडे गेलेल्या घरात कुणी जाणत्याने तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका, मग आत कितीही महत्त्वाचं काही राहिलेलं असो. हे सगळं पाठ करा.

पण त्याआधी एक काम करा, आजच करा. तुमच्या घराच्या, शाळेच्या जिन्यापाशी जा आणि भिंत नीट बघा. तडा दिसला तर मोठ्यांना हाताला धरून आणा आणि दाखवा. ते म्हणतील, "अरे, तो जुनाच आहे."

उद्या पुन्हा दाखवा.